नमुना उत्तरं

शनिवारी तीनला मशीन बंद करायचं, हात धुवायचे आणि आठवड्याची प्रुफं वाचायला लांब टेबलाशी बसायचं, हा नियम छापखाना काढणाऱ्या म्हाताऱ्याचा. म्हातारा जाऊन नऊ वर्षं झाली. त्याचे निम्मे नियम मुलांनी वर्षभरातच मोडीत काढले, पण हा टिकला, कारण तो आईला आवडायचा. एकाने प्रूफ मोठ्याने वाचायचं, स्वल्पविराम-पूर्णविरामासकट. दुसऱ्याने मूळ कॉपीवर बोट फिरवत जायचं. तिसऱ्याने नुसतं ऐकायचं. ज्याने मजकूर जुळवला असेल त्याने टेबलाशी बसायचंच नाही, आणि एकदा सुरू केलेलं प्रूफ संपल्याशिवाय कोणी उठायचं नाही.

त्या दिवशी वाचायला आई होती. वय चौऱ्याहत्तर, पण डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून तिला म्हणे मुंगीच्या मिशासुद्धा दिसत. कॉपी धरायला तिचा थोरला मुलगा. तो आठवडाभर मोठ्या मशीनवर असायचा आणि कितीही घासलं तरी त्याच्या नखांच्या कडेची शाई जायची नाही. ऐकायला ताई, म्हणजे आईची मधली मुलगी, जवळच्याच शाळेची मुख्याध्यापिका. शाळा सुटली की शनिवारी ती थेट इकडे यायची आणि वर्गात बसल्यासारखी ताठ बसायची. मजकूर जुळवणारा धाकटा, बिनलग्नाचा, नियमाप्रमाणे लांब खिडकीशी उभा होता.

चौथ्या खुर्चीवर रंगीत कागदाचा गठ्ठा होता. ती खुर्ची थोरलीची, म्हणजे थोरल्याच्या बायकोची. बावीस वर्षं कॉपी तीच धरत होती. तिची पेन्सिल कॉपीच्या समासात चालली की वाक्य सरळ व्हायचं, गिऱ्हाईकाची अब्रू वाचायची. बावीस वर्षांत या घरात एक गोष्ट पक्की झाली होती: कॉपीवर थोरलीच्या अक्षरात काही लिहिलेलं असलं, तर ते छापायचं. का, कशाला, हे विचारायचं नाही.

चौदा महिन्यांपूर्वी तिला गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग निघाला. पंचवीस दिवस रेडिएशन, सोबत किमो, मग आतून दिलेलं रेडिएशन. आता डॉक्टर म्हणत होते, काही नाही, दर तीन महिन्यांनी येत जा. घर मात्र जिथल्या तिथे बसलं होतं. आईची गादी अजून थोरलीच्या खोलीत आणि थोरला अजून वर कागदाच्या गोदामात, खाटेवर. तिला त्रास नको म्हणून कॉपीही कोणी तिच्या हातात देत नव्हतं. सगळे इतके चांगले वागत होते की तक्रार करायला जागाच नव्हती.

त्या दिवशीचं पहिलंच प्रूफ मात्र तिने आणलेल्या कामाचं होतं. रुग्णालयात एक समुपदेशक बाई होत्या. कर्करोगाच्या उपचारांनंतर बायकांचं त्यांच्या शरीराशी आणि नवऱ्याशी नातं कसं राहतं, यावर बोलायलाच त्यांना नेमलं होतं. थोरली त्यांच्याकडे चारदा जाऊन आली होती. घरी सांगितलं होतं, आहारतज्ज्ञाकडे जाते. या बाईंना एक प्रश्नावली छापून हवी होती, प्रत्येक रुग्ण बाईला द्यायला. चार वाजता त्या प्रूफ बघायला येणार होत्या. शिवाय सोमवारी त्यांनी थोरलीला नवऱ्यासह बोलावलं होतं. निदान विचारा तरी, असं त्या म्हणाल्या होत्या. आठ दिवस झाले, तिने विचारलं नव्हतं.

आईने प्रूफ उजेडाकडे धरलं आणि घसा खाकरला.

"ठळक अक्षरात. उपचारानंतरचं आयुष्य, रेघ, प्रश्नावली. नवी ओळ. आपलं नाव लिहू नये, पूर्णविराम."

"आहे," थोरला म्हणाला.

"प्रश्न एक. उपचारानंतर आपल्या शरीराकडे पाहताना आपल्याला काय वाटतं, प्रश्नचिन्ह. खाली तिरक्या अक्षरात. पाहत नाही, पूर्णविराम. न्हाणीघरातला आरसा मीच काढून माळ्यावर ठेवला, पूर्णविराम. घरात सगळ्यांना तो फुटला असं सांगितलं, पूर्णविराम."

"तिरकं काय आहे ते?" ताईने विचारलं.

"नमुना उत्तर," खिडकीजवळून धाकटा म्हणाला. "वहिनीच्या अक्षरात होतं कॉपीवर. फॉर्मवर नमुना असला की आपण तिरकाच घेतो."

"बरा दिलाय नमुना. पालकांकडून फॉर्म भरून घेते मी, एवढं खरं कोणी लिहीत नाही."

थोरल्याचं बोट 'आरसा' या शब्दावर होतं. गेल्या वर्षी त्याने न्हाणीघरासाठी नवा आरसा आणला होता. बायको म्हणाली, लावू सावकाश. तो अजून कागदात गुंडाळलेला, जिन्याखाली होता. आरसे काय, कुठल्याही घरात फुटतात, असं त्याने स्वतःला सांगितलं. पण पेन्सिलीच्या त्या अक्षरावरून त्याचं बोट पुढे सरकेना.

"थोरल्या, आहे का नाही?"

"आहे."

"प्रश्न दोन. जोडीदाराशी जवळीक पूर्वीसारखी आहे का, प्रश्नचिन्ह. नसल्यास काय आड येतं, प्रश्नचिन्ह. तिरकं. सासूबाई माझ्या खोलीत झोपतात, पूर्णविराम. त्यांना जा म्हणता येत नाही, स्वल्पविराम, कारण त्यांनी माझं हगणं-मुतणंसुद्धा काढलं, पूर्णविराम. प्रश्न तीन."

प्रूफ वाचणाऱ्याचं असंच असतं. अक्षरं आधी तोंडातून जातात आणि अर्थ मागून, रमतगमत येतो. 'प्रश्न तीन' म्हणून झाल्यावर तो आईपर्यंत पोचला. तिने कागद खाली घेतला, पुन्हा डोळ्यांसमोर धरला आणि दुसरं उत्तर मनातल्या मनात परत वाचलं.

"हा नमुना नाही," ताई म्हणाली.

"मी अर्थ वाचत नाही," धाकटा घाईघाईने म्हणाला. "अर्थ वाचला की अक्षरं सुटतात. बाबांनीच शिकवलंय तसं. वहिनीचं अक्षर होतं, मी घेतलं."

"गाढवा, 'सासूबाई' हा शब्द जुळवताना तुला काहीच वाटलं नाही?"

"सासूबाई सगळ्यांनाच असतात."

हे बोलणं चाललं होतं तेव्हा थोरली दारात उभी होती. वर खोलीत पिशवी आवरताना तिला दुसरं पाकीट सापडलं होतं, कोऱ्या प्रश्नावलीचं, छापखान्यात द्यायचं ते. म्हणजे छापखान्यात गेलं ते कोणतं, हे कळायला जेवढा वेळ लागला तेवढाच, आणि मग ती जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या उतरत आली होती. चौदा महिन्यांत ती अशी पहिल्यांदाच धावली. पण दारात पोचली तेव्हा तिचं स्वतःचं वाक्य सासूच्या आवाजात टेबलावर पडत होतं. लाजेने मरून जावं असं तिला वाटायला हवं होतं, आणि ते वाटलंही, पण त्याच्याही आधी मनात आलं ते हे, की वाक्य बरं झालंय.

"वहिनी, तू वर जा," ताई उठायला लागली. "आम्ही बघतो. आई, ठेव तो कागद."

आम्ही बघतो. औषधं, डबे, फोन, कॉपी, सगळं चौदा महिने हेच बघत होते. ताईचा त्यात वाईट हेतू नव्हता, हे थोरलीला ठाऊक होतं. किमोच्या दिवसांत तिच्या उलट्यांची भांडी याच ताईने धुतली होती, शाळेत जायच्या साडीवर.

"बस खाली," आई ताईला म्हणाली. "अर्ध्यावर उठायचं नाही. पण ही कॉपी हिची आहे. ही थांब म्हणाली तर थांबेन." तिने दाराकडे बघितलं. तिचा चेहरा रागावलेला नव्हता. चष्मा नसलेले ते डोळे बारीक करून ती सुनेकडे बघत होती, नवं काहीतरी हातात आल्यासारखी. "पुढे वाचू?"

नको म्हटलं असतं तर सगळं सोपं होतं. ताईने कागद फाडला असता, चहा झाला असता, आणि या घराच्या चांगुलपणाने त्या विषयावर असं काही झाकण बसलं असतं की ते पुन्हा उघडलं नसतं. सोमवारी ती एकटी गेली असती. त्याच्या पुढच्या सोमवारी कदाचित गेलीच नसती. थोरलीने नवऱ्याकडे बघितलं. तो कॉपीकडे बघत होता. तिने खुर्चीवरचा रंगीत कागदाचा गठ्ठा उचलून जमिनीवर ठेवला आणि बसली.

"वाचा," ती म्हणाली.

"वहिनी, अगं..."

"वाचा, आई."

आईने प्रूफ पुन्हा वर धरलं. "प्रश्न तीन. शरीरसंबंधाचा विचार आला की दुखण्याची भीती वाटते का, प्रश्नचिन्ह. तिरकं. वाटते, पूर्णविराम. बाईंनी दिलेल्या नळ्या आठवड्यातून तीनदा वापरते, पूर्णविराम. साडेअकरा वाजता, स्वल्पविराम, मोठं मशीन चालू असतं तेव्हा, स्वल्पविराम, म्हणजे कोणाला काही ऐकू जात नाही, पूर्णविराम. आधी रडू यायचं, पूर्णविराम. आता दुसऱ्या नंबरची नळी जाते, पूर्णविराम." ती थांबली. "कसल्या नळ्या?"

"मी बाहेर जाऊ का?" धाकट्याने विचारलं.

"प्रूफ संपल्यावर. कसल्या नळ्या गं?"

थोरलीने टेबलाच्या कडेवरचा सुटा धागा ओढला. बोलायला सुरुवात केली तेव्हा तिचा आवाज कॉपी वाचतानाचा होता, सपाट. तेवढ्या आवाजातच तिला ते जमत होतं. "रेडिएशनने आतली जागा आखडते. कोरडी पडते. काही केलं नाही तर भिंती एकमेकींना चिकटतात. मग डॉक्टरांना तपासतासुद्धा येत नाही. म्हणून गुळगुळीत नळ्या असतात, लहान, मग त्याहून मोठी, मग त्याहून. हळूहळू जागा मोकळी ठेवायला."

"आणि हे तू एकटीच करत होतीस? मला सांगितलं असतंस तर मी तेल कोमट करून दिलं असतं."

"तेल नाही चालत, आई. जेल असतं वेगळं."

"असं का," आई म्हणाली. आणि ते तिने अशा सुरात म्हटलं की जणू कोणी तिला कागदाची नवी जात दाखवली.

ताईने दोन्ही हातांनी कपाळ धरलं होतं. आईकडे बघवत नव्हतं, वहिनीकडे बघवत नव्हतं, आणि भावांकडे तर नाहीच नाही. तरी कान टवकारलेले होते. वीस वर्षं ती मुलींच्या शाळेत होती. शरीराच्या धड्याला जीवशास्त्राच्या बाई रजा टाकायच्या तेव्हा तो धडा हीच घ्यायची, आकृतीवर पट्टी ठेवून, खालची बाजू झाकून. नंबर किती असतात नळ्यांचे, असं विचारावंसं तिला वाटत होतं आणि तसं वाटतंय याचाच तिला संताप येत होता.

"मंगळवारी मशीन बंद पडलं होतं," एकदम थोरला म्हणाला. इतका वेळ त्याच्या तोंडून 'आहे'खेरीज शब्द निघाला नव्हता. "बेल्ट तुटला. साडेअकरालाच."

"त्या दिवशी नाही केलं," त्याची बायको म्हणाली.

तो मान हलवत राहिला. आठवड्यातून तीनदा ती वर असं काही करत होती आणि तो खाली तिला त्यासाठी आवाज पुरवत होता, हे त्याच्या डोक्यात अजून बसत नव्हतं. मशीन थांबवून चहाला गेलेले सगळे दिवस तो आठवायला लागला.

"प्रश्न चार," आई म्हणाली. "इच्छा होते का, प्रश्नचिन्ह. तिरकं. होते, पूर्णविराम. हा एक शब्द लिहायला चार दिवस लागले."

शेवटचा पूर्णविराम म्हणायचा राहिला. कोणी तिला टोकलं नाही.

"बास झालं," ताई म्हणाली. तिचा आवाज शाळेतला झाला होता. "वहिनी, मरणाच्या दारातून परत आलीस तू. आम्ही सगळ्यांनी देव पाण्यात घातले. जीव वाचला, डोक्यावर केस आले, चालतेस-फिरतेस. एवढं पुरे नाही का? लेक शिकायला बाहेर गेलीय एवढी मोठी. या वयात हे असलं लिहायचं, आणि परक्या बाईला द्यायचं?"

"पुरे असतं तर लिहिलं नसतं, ताई."

"लोकांच्या घरात..."

"ताई, तू दहावीला होतीस," आई मधेच म्हणाली. "माझी पिशवी काढली तेव्हा. आठवतं?"

ताईला आठवत होतं. महिनाभर स्वयंपाक तिने केला होता, आणि परीक्षेत तिचा नंबर हुकला होता. या घरात त्या ऑपरेशनचा उल्लेख झाला की तो ताईच्या हुकलेल्या नंबरासाठीच व्हायचा.

"तिसऱ्या आठवड्यात तुमचे बाबा खोलीत आले," आई म्हणाली. "वाईट माणूस नव्हता. डॉक्टरने त्यांना काही सांगितलं नव्हतं आणि मला तर नाहीच. त्यांनी विचारलं नाही, मी बोलले नाही. दुखायचं. इतकं की दाताखाली उशीचा कोपरा धरायची मी. मला वाटलं, पिशवी काढलेल्या बाईचं असंच असणार. मग मी काय केलं, रोज प्रुफं खोलीत घेऊन जायला लागले. त्यांना झोप लागेपर्यंत वाचत बसायची. एकोणीस वर्षं. लोक म्हणायचे, बाईला कामाची काय आवड आहे."

थोरल्याने कॉपीवरचं बोट उचललं होतं.

"मला या चार प्रश्नांतला एकसुद्धा कोणी विचारला नाही," आई पुढे म्हणाली. आता ती सुनेशी बोलत होती. "म्हणून तुझ्या खोलीत गादी टाकली. कोणी सांगितलं नव्हतं मला. रेडिएशन संपलं तशी मी जायला हवं होतं, कळत होतं. पण मला वाटलं, मी गेले की हा येईल, आणि तुला नाही म्हणता येणार नाही. मी राखण करत होते तुझी."

"माझ्यापासून?" थोरल्याने विचारलं.

"तुझ्यापासून."

"आई, मी काय असा..."

"तू कसा आहेस ते मला काय ठाऊक? आईला लेकराचं सगळं कळतं म्हणतात. हे नाही कळत. तू त्यांचा मुलगा आहेस एवढंच मला माहीत होतं."

थोरली सासूकडे बघत राहिली. चौदा महिने रोज पहाटे जाग आली की तिला ती वळकटी दिसायची, तो करड्या केसांचा अंबाडा, आणि मनात एक जडपणा यायचा, आणि लगोलग त्या जडपणाची लाज. म्हातारीला साधं कळू नये, असं तिला वाटायचं. म्हातारीला तिच्यापेक्षा जास्त कळत होतं, फक्त उलट्या बाजूने. तिला हसू आलं आणि मग रडू आलं, आणि दोन्ही एकदमच यायला लागल्यावर तिने नाक पुसायला प्रुफाचा जुना कागद घेतला. ताईने न बोलता आपला रुमाल पुढे सरकवला.

"मला जा म्हणाली असतीस तर गेले असते गं," आई म्हणाली.

"कसं म्हणणार होते?"

"तेही खरं."

दाराची घंटा वाजली. चार वाजायला आले होते. ताई उठली, कारण कोणीतरी उठायलाच हवं होतं. समुपदेशक बाई आत आल्या. पस्तिशीच्या, सपाट चपला, खांद्याला कापडी पिशवी. टेबलाभोवतीचे चेहरे बघून त्या उंबऱ्यापाशीच थबकल्या. मग त्यांना आईच्या हातातलं प्रूफ दिसलं, त्यावरची तिरकी अक्षरं दिसली, आणि त्यांनी चालत येऊन तो कागद शांतपणे काढून घेतला आणि पालथा ठेवला.

"हे कोणी कोणी वाचलंय?"

"सगळ्यांनी," धाकटा म्हणाला. "मोठ्याने."

बाईंनी डोळे मिटून घेतले. मग त्या थेट थोरलीपाशी गेल्या आणि तिच्या शेजारी, जमिनीवरच्या कागदाच्या गठ्ठ्यावर बसल्या. "चूक माझी आहे. एकसारखे दोन कागद मी तुम्हाला एकदम द्यायला नको होते. तुम्हाला इथून उठायचंय का? आपण बाहेर जाऊ. हे कागद मी आत्ता नष्ट करते, मशीनमधलंही काढायला लावते."

"छपाईची प्लेट अजून झालेली नाही," थोरली म्हणाली. "मला उठायचं नाही. आणि बाई, चुकून झालं का ते मलाही नक्की सांगता येत नाही. पाकीट छापखान्याच्या ट्रेमध्ये टाकताना माझा हात जरा थांबला होता. आत काय आहे ते उघडून बघावं असं वाटलं. पण बघितलं नाही."

बाईंनी यावर काही शहाणपणाचं बोलायचा प्रयत्न केला नाही, हे ताईने पाहिलं आणि मनात नोंदवलं. तिने त्यांच्यासाठी पाणी आणलं. ग्लास हातात देताना तिने, अगदी सहज विचारावं तसं, विचारलं, "हे प्रश्न तुम्ही सगळ्याच बायकांना विचारता? माझ्यासारखीलासुद्धा? म्हणजे नवरा नसलेलीला?"

"हो. त्यांना तर कोणीच विचारत नाही."

"हं," ताई म्हणाली आणि पुन्हा आपल्या जागी जाऊन ताठ बसली.

"अजून एक राहिलाय," आई म्हणाली. "पाचवा."

बाईंनी थोरलीकडे बघितलं. थोरलीने मान हलवली. बाईंनी प्रूफ सुलटं केलं आणि आईकडे दिलं.

"प्रश्न पाच. आपल्या जोडीदाराने समुपदेशनासाठी आपल्यासोबत यावं असं आपल्याला वाटतं का, प्रश्नचिन्ह." आईने कागद जवळ घेतला, लांब धरला. "खाली काही नाही. कोऱ्या तीन ओळी."

"कॉपीत काही नव्हतं," धाकटा म्हणाला.

"नाही," थोरला म्हणाला. त्याच्यासमोर मूळ कागद होता. "खोडलेलं आहे. पेन्सिल इतक्यांदा खोडलीय की कागद पातळ झालाय." त्याने तो कागद उजेडात धरला नाही. खोडलेलं वाचायची त्याची हिंमत नव्हती, का ते वाचायचा आपल्याला हक्क नाही असं त्याला वाटलं, ते त्यालाच सांगता आलं नसतं. त्याने कागद टेबलावर ठेवला आणि बाईंकडे वळला. "एक विचारू का? हिच्यासोबत तुमच्याकडे आलो तर तिथे विचारेनच, पण तोवर मला धीर निघणार नाही."

"विचारा."

"मी हिला हात लावला तर हिला दुखेल का?"

त्याची बहीण भिंतीकडे बघायला लागली. आई मात्र सरळ त्याच्याकडे बघत होती.

"म्हणजे तसा नाही. तसा तर लांबच राहिला," तो म्हणाला. तो फारसा बोलणारा माणूस नव्हता आणि आता शब्द एकमेकांवर पडत होते. "साधा हात. चौदा महिने मी हिच्या खांद्यावरसुद्धा हात ठेवलेला नाही. रेडिएशनच्या दिवसांत कातडी सोललेली असायची, तेव्हा नर्स म्हणाली, जपून. जपून म्हणजे किती दिवस, ते कोणी सांगितलं नाही. मी विचारलं नाही. विचारलं तर वाटेल, याला पडलंय काय आणि हा विचारतोय काय. माझ्या हाताला सदा शाई, रॉकेलचा वास. मला वाटलं, माझ्या हाताने काहीतरी बिघडेल. मग मी वरच झोपायला लागलो. तिथून हिचा खोकला ऐकू येतो. खोकला ऐकला की मला झोप लागते."

थोरली नवऱ्याकडे बघत होती. चौदा महिने तिला वाटत होतं की त्याला तिची किळस येते. नळ्यांच्या त्या पेटीपेक्षा, केस गेले त्या दिवसापेक्षा तिला त्याचंच जास्त दुखलं होतं, आणि पाचव्या प्रश्नाखाली तिने सात वेळा लिहून सात वेळा खोडलं होतं ते एवढंच: त्यांना यावंसं वाटणार नाही.

"हा प्रश्न मला फार बायकांचे नवरे विचारतात," बाई म्हणाल्या. "पण उत्तर माझ्याकडे नसतं. ते त्यांच्याकडे असतं. त्यांनाच विचारा."

थोरला खुर्चीतच वळला. बायकोच्या डोळ्यांना डोळा द्यायला त्याला थोडा वेळ लागला.

"दुखेल का गं?"

"कुठे लावता त्यावर आहे," ती म्हणाली.

धाकट्याच्या नाकातून फस्सकन हसू निघालं आणि त्याने ते खिडकीबाहेर सोडलं. थोरल्याला कळलं नाही हसावं की नाही. "कुठे चालेल ते मला माहीत नाही," तो म्हणाला.

"मलाही सगळं माहीत नाही. बघावं लागेल."

तिने टेबलावरून हात पुढे केला, त्याच्या उजव्या हाताचं शाईच्या कडेचं बोट धरलं आणि आपल्या मनगटावर ठेवलं. "इथे नाही दुखत." मग तिने ते कोपराच्या आतल्या बाजूला नेलं, जिथे सुयांचे काळपट डाग अजून होते. "इथेही नाही." मग खांद्यावर. मग मानेच्या खाली, गळ्याच्या हाडापाशी, आणि तिथे ती काही बोललीच नाही. थोरल्याला वाटलं, चुकलं. तो बोट काढून घ्यायला लागला.

"दुखलं?"

"नाही," ती म्हणाली. "थांबा जरा. तिथेच राहू दे."